फियाट आणि अँबॅसडर: कागदावर आणि घाटात

फियाट चांगली की अँबॅसडर, हा वाद ज्यांच्या दारात गाडी होती त्यांच्यात व्हायचाच. ज्यांच्या दारात नव्हती त्यांच्यात जरा जास्तच रंगायचा. मुद्दे ठरलेले असत. एकाने फियाटचं पिकअप काढायचं, दुसऱ्याने अँबॅसडरची मागची ऐसपैस सीट. एकाने ॲव्हरेज सांगायचं, दुसऱ्याने दणकटपणा. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड ही तिसरी गाडीही होती, पण रस्त्यावर दिसायच्या त्या मुख्यतः या दोनच. नवी मोटार घेणाऱ्याला यांतली एक निवडावी लागे, म्हणून वादाला धार होती. दोन्ही गाड्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडून पाहणं मात्र त्या वादात क्वचितच घडायचं.

मांडले की आधी आश्चर्य वाटतं. एका लिटरमागे मिळणारी अश्वशक्ती जवळपास सारखी, एका टनामागची अश्वशक्तीही फारशी वेगळी नाही, कमाल वेगही ताशी १२० किलोमीटरच्या आसपास दोघींचा. मग चालवणाऱ्याला या गाड्या इतक्या वेगळ्या का वाटायच्या? मला वाटतं, उत्तर सोपं आहे. कंपनीच्या पत्रकातले आकडे रिकाम्या गाडीचे असतात आणि आपल्याकडे गाडी रिकामी धावतच नसे. पाच-सहा माणसं आत, मांडीवर मुलं, टपावर कॅरिअर आणि त्यावर वळकट्या, ट्रंका. या दोन गाड्यांमधला फरक ओझ्याखाली दिसतो. तिथेच तो तपासायला हवा.

आधी कोणत्या गाड्यांबद्दल बोलतो आहोत ते पक्कं करू. फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली. सुरुवातीला क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी गाड्यांची जुळणी तिथे होई. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ११०० आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी रूपं येऊन १९६४ मध्ये कोरीव कडांची ११०० डिलाइट आली. फियाटशी असलेला करार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संपला तेव्हा हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मागच्या डिकीवर काहीही लिहिलेलं असो, महाराष्ट्रात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

अँबॅसडर हुगळीकाठच्या उत्तरपाड्याची. हिंदुस्तान मोटर्स ही बिर्लांची कंपनी १९४२ मध्ये गुजरातेतल्या ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये बंगालात गेली. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये आलेली मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती हे अँबॅसडरचं मूळ. आपल्याकडे ती १९५७ च्या सुमारास आली आणि मे २०१४ पर्यंत तयार होत राहिली. पुढची जाळी, दिवे, डॅशबोर्ड बदलत गेले. छताची गोलाई आणि दारांची चौकट मात्र शेवटपर्यंत तीच.

आता इंजिनं. फियाटचं १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापं पाहिली की त्या इंजिनाचं वय कळतं. इटलीत १९३७ मध्ये दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हातून आकाराला आलेल्या ५०८ सी या गाडीत हेच व्यास आणि हीच धाव होती. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी कागदावर उतरलेलं इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कुर्ल्यात ओतलं जात होतं. मधल्या काळात सुधारणा झाल्या, पण हाडं तीच राहिली. मला यात जाकोझांच्या कामाची थोरवी दिसते. मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर हे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देई.

अँबॅसडर सुरुवातीला १४७६ सीसीच्या जुन्या, साइड-व्हॉल्व्ह इंजिनावर आली होती. १९५९ मध्ये तिला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं १४८९ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन मिळालं आणि तिची खरी ओळख तिथून सुरू झाली. व्यास ७३ मिलिमीटर, धाव जवळजवळ ८९ मिलिमीटर, ४४०० फेऱ्यांवर ५५ अश्वशक्ती. पुढच्या काळात हा आकडा ५० च्या आसपास सांगितला जाई. दोन कार्ब्युरेटर लावून आणि आतला दाब वाढवून हेच इंजिन ब्रिटनमध्ये एमजीए या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं जात होतं, हे ऐकून अनेक जण आजही चकित होतात. अँबॅसडरमध्ये त्याच इंजिनाला मुद्दाम शांत ठेवलं होतं.

भागाकार करून पाहा. फियाट एका लिटरमागे ३६.७ अश्वशक्ती देते, अँबॅसडर ३६.९. दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या पिढ्यांत जन्मलेली इंजिनं, पण त्या काळचं पेट्रोल आणि त्याला झेपणारा दाब सारखाच असल्यामुळे दोघीही एकाच जागी येऊन थांबल्या. त्या काळचे आकडे वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुष्कळदा ते इंजिन बाकावर ठेवून, पंखा, डायनॅमो, सायलेन्सर यांचा भार न लावता मोजलेले असत. गाडीत बसल्यावर चाकांपर्यंत पोचणारी शक्ती बरीच कमी असे. आजच्या गाडीचे ४० आणि फियाटचे ४० एका तराजूत घालू नयेत. दोन समकालीन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला मात्र ते पुरेसे आहेत.

दोन्ही इंजिनांचा स्वभाव वेगळा होतो तो पिस्टनच्या धावेमुळे. अँबॅसडरचा पिस्टन प्रत्येक फेरीत वर-खाली मिळून सुमारे १७८ मिलिमीटर अंतर कापतो, फियाटचा १५०. फियाट ४८०० फेऱ्यांवर असताना तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर असतो. अँबॅसडरचा पिस्टन ४४०० फेऱ्यांवरच १३ मीटरवर गेलेला असतो. म्हणून अँबॅसडरला जास्त पिळली की ती तक्रार करू लागते. आवाज चढतो, गिअरचा दांडा थरथरतो, आणि शहाणा चालक आपणहून पाय उचलतो. फियाट मात्र आनंदाने फिरते. ॲक्सिलरेटर दाबला की लगेच प्रतिसाद देते, आणि ज्याला लोक पिकअप म्हणत ते बरंचसं हेच. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, तिथे हौशी लोकांनी फियाट आणली ती या गुणासाठी.

ब्रिटिश इंजिनाची धाव इतकी लांब का, याचंही कारण आहे. ब्रिटनमध्ये चाळिशीच्या दशकापर्यंत मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे. व्यास लहान ठेवायचा आणि धाव लांबवायची, ही सवय तिथल्या अभियंत्यांना त्यातून लागली आणि कर गेल्यावरही काही वर्षं टिकली. एका देशाच्या करखात्याचा नियम दुसऱ्या देशातल्या घाटरस्त्यावर अर्धं शतक पुरला.

तोही फायद्याचाच ठरला. इथे टॉर्क समजून घ्यावा लागतो. घट्ट बसलेला नट सोडवायचा असेल तर आपण लांब दांड्याचा पाना घेतो. ताकद तेवढीच, पण पीळ जास्त पडतो. इंजिन चाकाला जो पीळ देतं तो टॉर्क, आणि तो पीळ किती वेगाने देत राहतं त्यावरून अश्वशक्ती ठरते. अश्वशक्ती तुम्हाला कमाल वेगाबद्दल सांगते. चढावर, भरल्या गाडीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आपण ज्याच्या जोरावर निघतो तो टॉर्क. फियाटचा टॉर्क ३००० फेऱ्यांवर सुमारे ७१ न्यूटन-मीटर. अँबॅसडरचा १०० च्या थोडा पुढे, आणि तोही आणखी खालच्या फेऱ्यांवर, अडीच हजारांच्या आसपास.

आता खंडाळ्याच्या घाटात या. रिकाम्या फियाटचं वजन ८९५ किलोच्या आसपास, अँबॅसडरचं ११०० च्या वर. हिशेबापुरतं ११३० धरू. रिकाम्या गाडीत फियाटला टनामागे जवळपास ४५ अश्वशक्ती मिळते, अँबॅसडरला ४४ ते ४९. म्हणजे बरोबरीच. आता दोन्ही गाड्यांत पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो चढवा. फियाट १२९५ किलोची झाली, अँबॅसडर १५३० ची. फियाटची टनामागची शक्ती ३१ वर उतरते, अँबॅसडरची ३३ ते ३६ वर थांबते. टॉर्कचं पाहिलं तर दरी आणखी रुंद होते: टनामागे फियाटला ५५ न्यूटन-मीटर, अँबॅसडरला ६५ च्या वर. ओझं सारखंच आहे, पण हलक्या गाडीला ते तिच्या वजनाच्या मानाने जास्त पडतं. गिअरचे दाते हा फरक थोडाफार भरून काढतात, हे खरं. पण त्यासाठी फियाटवाल्याला गिअर लवकर खाली आणावा लागतो आणि इंजिन जास्त फिरवावं लागतं. अमृतांजन पॉइंटच्या चढावर फियाट दुसऱ्यात ओरडत निघालेली आणि तिच्या मागून अँबॅसडर तिसऱ्यातच घरघरत आलेली, हे दृश्य ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हा हिशेब कळायला कागद लागणार नाही.

मग सपाट रस्त्यावर, ५५ विरुद्ध ४० असताना, अँबॅसडर पुढे का निघून जात नाही? तिला वारा अडवतो. अँबॅसडर १.६६ मीटर रुंद आणि सुमारे १.६ मीटर उंच. फियाट जवळपास १.४६ मीटर रुंद आणि तेवढीच उंच. समोरून पाहिलं तर अँबॅसडर वाऱ्याला जवळजवळ पाव पट अधिक अंग देते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला हरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताशी ४० किलोमीटरला हा फरक जाणवतही नाही. १०० च्या पुढे तो सगळी जादा अश्वशक्ती खाऊन टाकतो. शिवाय दोन्ही गाड्यांत चौथा गिअर थेट, इंजिन आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरणारा. त्याच्यावर पाचवा गिअर नाही. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर दोघीही एका ठरावीक वेगानंतर दमतात.

ॲव्हरेजचं गणितही असंच एकमेकांत मिटतं. सांभाळलेली फियाट लिटरला साधारण १२ किलोमीटर देई, अँबॅसडर ९ च्या आसपास. पण फियाटची टाकी ३८ लिटरची आणि अँबॅसडरची ५४. एका टाकीत दोघीही साडेचारशे ते पाचशे किलोमीटर जात. पैसे मात्र अँबॅसडरवाल्याचे जास्त जात. सरकारी गाडीत ते कुणाच्या खिशातून जात नसत, स्वतः पेट्रोल भरणाऱ्या डॉक्टरला किंवा वकिलाला ते महिन्याच्या हिशेबात दिसत. मुंबई-पुण्यातल्या नोकरदार मध्यमवर्गाने फियाट उचलली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर, झेडपीचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे चेअरमन अँबॅसडरमध्ये दिसले, याच्या मुळाशी प्रतिष्ठा होती तशी ही टाकीही होती.

गाडीखाली वाकून पाहिलं तर मतभेद अधिक रंजक होतात. दोघींच्याही मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि त्यावर अखंड ॲक्सल. पुढे मात्र दोन वेगळे विचार आहेत. फियाटला विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, जी आजही मोटारींमध्ये दिसते ती पद्धत. अँबॅसडरला टॉर्शन बार: गाडीच्या लांबीला समांतर एक लांब पोलादी दांडा, त्याचं एक टोक चाकाच्या हाताला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला जखडलेलं. चाक वर उचललं की दांडा पिळला जातो आणि पुन्हा सरळ होताना चाकाला खाली ढकलतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर याचा एक मोठा फायदा होता. पुढची बाजू खाली बसली तर दांड्याचं टोक पुन्हा जुळवून उंची परत आणता येई, आणि हे काम तालुक्याच्या गॅरेजमध्येही होई. त्यात १५ इंची चाकं आणि २४६४ मिलिमीटरचा व्हीलबेस. फियाटची चाकं १४ इंची, व्हीलबेस २३४० मिलिमीटर. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि लांब व्हीलबेसची गाडी उसळीवर कमी डोलते. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यांवर हे काही मिलिमीटर फार मोलाचे होते.

स्टिअरिंगमध्ये सगळ्यांचा अंदाज चुकतो. अवजड दिसणाऱ्या अँबॅसडरला रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग होतं, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांत असतं तसं, थेट आणि सोपं. चपळ समजल्या जाणाऱ्या फियाटला जुन्या पद्धतीचं वर्म-गिअरचं स्टिअरिंग. तरीही गल्लीबोळात फियाट वळवायला सोपी वाटे, कारण पुढच्या चाकांवरचा भार कमी, गाडी अरुंद, आणि काचेबाहेर बॉनेटचे कोपरे दिसतात. भुलेश्वरच्या गर्दीत किंवा दादरच्या मार्केटात वीस सेंटिमीटरची कमी रुंदी कोणत्याही तांत्रिक श्रेष्ठत्वावर मात करते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट का निवडली, त्याचं हे एक उत्तर. दुसरं उत्तर म्हणजे कारखाना कुर्ल्यातच होता. सुटे भाग आणि ते बसवणारे हात दोन्ही शहरात होते. कोलकात्याने अँबॅसडर निवडली, कारण उत्तरपाडा शेजारी.

गिअर दोघींचाही स्टिअरिंगच्या खांबावर. त्यामुळे पुढे सलग सीट आणि चालकाशेजारी दोन माणसं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की खरखर ठरलेली. चढावर गाडी दमली आणि पहिल्याची गरज पडली, तर क्लच दोनदा दाबून मधे इंजिनाच्या फेऱ्या वाढवण्याची कला लागे. जुन्या चालकांच्या पायात ती इतकी मुरलेली असे की आजची गाडी चालवतानाही त्यांचा डावा पाय दोनदा जातो.

ब्रेकबद्दल मात्र दोन्ही गाड्यांचं कौतुक करता येणार नाही. चारही चाकांना ड्रम. ड्रम बंदिस्त असतो, त्यात घर्षणाची उष्णता साठते, लायनिंगची पकड सुटते आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी रेंगाळत पुढे जाते. घाट उतरताना हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे. सारख्याच वेगावरून थांबताना अँबॅसडरच्या ब्रेकना फियाटपेक्षा सुमारे पाव पट जास्त उष्णता पचवावी लागते, कारण वजनच तेवढं जास्त. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुना दंडक अँबॅसडरच्या चालकाने अधिक कडकपणे पाळायला हवा. अँबॅसडरला पुढे डिस्क ब्रेक मिळाले, पण फार उशिरा. जाड पत्र्यामुळे या गाड्या सुरक्षित होत्या, असं अजूनही अभिमानाने म्हटलं जातं. ते मला पटत नाही. पत्रा जाड होता, पण धडकेत चुरगळून आघात शोषून घेणारा पुढचा भाग नव्हता, बराच काळ सीटबेल्ट नव्हते, आणि स्टिअरिंगचा ताठ खांब थेट चालकाच्या छातीकडे रोखलेला होता. गाडी कमी मोडली म्हणजे माणूस कमी मोडला, असं होत नाही.

१९८० च्या सुमारास अँबॅसडर डिझेलवर आली. तेच १४८९ सीसी, पण अश्वशक्ती फक्त ३७. ११३० किलोच्या गाडीला ३७ म्हणजे रिकामीच टनामागे ३३ च्या खाली. भरली तर २४. वेगाच्या दृष्टीने ही पीछेहाटच होती. पण डिझेल स्वस्त होतं आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्याला तासाला किती किलोमीटर जातो यापेक्षा किलोमीटरला किती पैसे पडतात हे कळायला हवं होतं. टुरिस्ट गाड्यांच्या धंद्यात अँबॅसडर या इंजिनावर रुजली. पद्मिनीला डिझेल इंजिन मिळालं ते नव्वदच्या दशकात, तेव्हा बाजार हातातून गेलेला होता.

तुलनेचा सगळ्यात उदास भाग इथे येतो. फियाटने इटलीत ११०० ची ही मालिका १९६९ मध्ये थांबवली आणि तिच्या जागी पुढच्या चाकांना शक्ती देणारी १२८ आणली. त्याआधीच इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं मोठं इंजिन मिळालेलं होतं; कुर्ल्यात मात्र १०८९ च राहिलं. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये संपली. तिथे बी मालिकेचं इंजिन वाढत वाढत १७९८ सीसीपर्यंत गेलं आणि एमजीबीत बसलं. उत्तरपाड्यात ते १४८९ वर थांबलं, आणि १९९३ च्या सुमारास जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं तेव्हा कुठे अँबॅसडरला ७५ अश्वशक्ती आणि पाच गिअर मिळाले. त्या गाडीत अँबॅसडर काय होऊ शकली असती ते दिसतं. ती तीस वर्षं आधी मिळायला हवी होती.

असं का झालं, याचा दोष मी कारखान्यातल्या माणसांना देणार नाही. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की देशात टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. राहिलेल्यांना संरक्षण मिळालं, पण उत्पादन वाढवायला परवाना, नवं यंत्र आणायला परकीय चलन, आणि काही वर्षं तर किंमतीवरही सरकारी नियंत्रण. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबणारं गिऱ्हाईक दाराशी असताना गाडी सुधारण्याचं कारणच उरलं नाही. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ मध्ये फियाट घेतली तेव्हा तिची किंमत सुमारे १२ हजार रुपये होती आणि त्यांतले ५ हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले होते. पंतप्रधानालाही कर्ज काढावं लागे इतकी ती महाग, आणि तरीही मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली: ७९६ सीसी, पुढच्या चाकांना शक्ती, वजन फियाटपेक्षा दोनशे किलोंहून अधिक कमी. सगळी गणितं एका झटक्यात जुनी झाली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

आज यांतली एखादी गाडी हौसेने घेऊन चालवू पाहणाऱ्यासाठी शेवटचा तांत्रिक फरक महत्त्वाचा आहे, आणि तो सिलिंडर हेडचा. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, अँबॅसडरचं बिडाचं. ॲल्युमिनियम हलकं आणि उष्णता पटकन सोडणारं, पण रेडिएटरमधलं पाणी संपलं आणि तशीच गाडी रेटली तर ते वाकतं आणि गॅस्केट जातं. फियाट घेताना म्हणूनच पहिल्यांदा रेडिएटरचं टोपण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावं. बिडाचं हेड अशा हलगर्जीपणाला पुष्कळ सहन करतं. त्याची अडचण वेगळी आहे. त्यात व्हॉल्व्हच्या बैठका बिडातच कापलेल्या असतात, आणि पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं त्या बैठकांचं झिजण्यापासून रक्षण करत असे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून न बदललेलं हेड असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातात, टॅपेटचं अंतर वारंवार कमी होतं आणि इंजिनाची ओढ मंदावते. चांगला टर्नर जुन्या बैठका कापून कडक पोलादी कड्या बसवून देतो. फियाटच्या मऊ हेडमध्ये अशा कड्या मुळातच असतात. दोन्ही गाड्यांचे पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाहीत. गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात ते बदलून घ्यावेत. आणि मुंबईत किंवा कोकणपट्टीत राहिलेली गाडी असेल तर इंजिनाआधी दारांखालच्या पट्ट्या टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहाव्यात. दोघींनाही वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच उचलते, आणि त्या पट्ट्या गंजल्या असतील तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी सौदा सोडून द्यावा.